मांडव कोणी घालायचा?

(स्वतंत्र संगीतकारांच्या प्रेरणा आणि संगीत महोत्सव या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



विजयादशमीच्या सकाळी पथसंचलन निघते तेव्हा त्यात घोष असतो. घोषाचा नाद कोपऱ्यावरून ऐकू येताच गॅलरीत उभी असलेली आजी आणि खाली रस्त्यावर उभा असलेला नातू, दोघांचीही पावले नकळत ठेका धरतात. आपल्यापैकी कित्येकांनी हा घोष खांद्यावर वागवला आहे. त्यांना हे ठाऊक असेल की, ब्यूगल, साइड ड्रम आणि बास ड्रम ही वाद्ये आपल्याकडे इंग्रजी पलटणींबरोबर आली. आरंभी त्यांवर वाजणाऱ्या रचनाही पलटणींच्याच होत्या. पुढे ब्यूगलचा शंख झाला, साइड ड्रमचा आनक झाला, बास ड्रमचा पणव झाला. पण केवळ नामकरणाने काम भागले नाही. स्वयंसेवकांनी भारतीय रागांवर नव्या रचना बांधल्या, त्या शेकडो तरुणांकडून बसवून घेतल्या आणि मग ती वाद्ये परकी राहिली नाहीत.

आता त्याच दिवसाची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. संचलनाहून घरी आलेला नातू खोलीचे दार लोटून घेतो, गिटार हाती घेतो, संगणकावर ठेका लावतो आणि स्वतः रचलेले गाणे ध्वनिमुद्रित करू लागतो. बाहेर दिवाणखान्यात कुजबुज सुरू होते, "हे काय पाश्चात्त्य खूळ घेतले आहे याने?" सकाळी घोषात जे घडले त्याचा अभिमान आणि संध्याकाळी खोलीत जे घडते आहे त्याची धास्ती, या दोन भावना एकाच घरात, एकाच दिवशी नांदत असतात. आजचा विषय त्या लोटलेल्या दाराविषयीचा आहे.

स्वतंत्र संगीतकार म्हणजे कोण, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. आपल्या देशात गेली कित्येक दशके लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपट संगीत असे समीकरण झाले आहे. चित्रपटातले गाणे प्रसंगासाठी जन्मते आणि नटाच्या ओठांवर वावरते. याउलट जो स्वतःला काय सांगायचे आहे ते स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, बहुधा स्वतःच्याच खर्चाने ध्वनिमुद्रित करतो आणि कोणत्याही चित्रपटाचा आधार न घेता थेट श्रोत्यांपुढे नेतो, तो स्वतंत्र संगीतकार. या व्याख्येत बसणारे कलावंत आपल्या संतपरंपरेतही सापडतील. एकतारीला ना निर्माता लागतो, ना वितरक.

जुनीच वहिवाट

परके सूर ऐकून कान बिघडतात, अशी भीती बाळगणाऱ्यांनी मुत्तुस्वामी दीक्षितरांचे स्मरण करावे. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीपैकी हे एक. देवीभक्त, संस्कृतज्ञ आणि रागशुद्धीविषयी अत्यंत काटेकोर. मद्रासजवळच्या मणली गावी वास्तव्य असताना दीक्षितर कुटुंबाला फोर्ट सेंट जॉर्जमधील इंग्रजी बँड ऐकण्याचा योग आला. त्या चाली मुत्तुस्वामींच्या मनात राहिल्या आणि त्यांवर त्यांनी देवदेवतांची संस्कृत स्तुतिपदे रचली. 'नोट्टुस्वर' या नावाने ती आजही मुलांना शिकवली जातात. इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर रचलेले एक पदही त्यांत आहे. त्यांचे बंधू बालुस्वामी याहून एक पाऊल पुढे गेले. त्यांनी युरोपीय व्हायोलिन शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीताच्या सेवेला लावले. आज व्हायोलिनच्या साथीविना कर्नाटक मैफलीची कल्पनाही करवत नाही.

आपल्याकडे हार्मोनियमची कथा अशीच आहे. परदेशातून आलेल्या या पेटीवर 1940 मध्ये आकाशवाणीने बंदी घातली आणि ती सैल होण्यास 1971 साल उजाडावे लागले. त्या तीन दशकांत मराठी नाट्यसंगीताने किंवा कीर्तनाने पेटी सोडली का? मुळीच नाही. वाद्य कोठून आले याला दुय्यम महत्त्व आहे. ते वाजवणाऱ्याच्या कानात कोणते सूर साठले आहेत, यावर सारे अवलंबून असते.

शिवोलीचा शाहीर

या कसोटीवर आपल्या शेजारच्या गोव्यातील एका कलावंताकडे पाहू. रेमो फर्नांडिस यांचा जन्म 1953 चा. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. लहानपणी एकीकडे घरात इंग्रजी रॉकच्या तबकड्या, तर दुसरीकडे गोव्याचे मांडो आणि दुलपदे, असे दोन प्रवाह त्यांच्या कानांवर पडले. तरुणपणी काही वर्षे युरोपात भटकंती करून, तेथील कलावंतांबरोबर वाजवून ते गोव्यात परतले.

1984 साली त्यांनी 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत काढली. शिवोली या आपल्या गावी, राहत्या घरात, छोट्या चार ट्रॅकच्या यंत्रावर त्यांनी ती एकट्याने तयार केली. सारी वाद्ये त्यांची, सारे आवाज त्यांचे, वेष्टनाची सजावटही त्यांचीच. पुढे स्कूटरवर कॅसेटी लादून ते दुकानोदुकानी फिरले आणि आपला माल आपणच विकला. आज घराघरांत संगणक असताना हे सोपे वाटेल. 1984 मध्ये ते धाडस होते.

त्या धाडसाने त्यांना एक मौल्यवान वस्तू दिली. ती म्हणजे निर्भयता. 1986 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता त्यांच्यासमोरच्या कार्यक्रमात रेमो यांनी पंतप्रधानांना उद्देशून गाणे गायिले आणि त्यात गोव्याची दुखणी स्पष्ट शब्दांत मांडली. वृत्तपत्रांतून टीका झाली, पण खुद्द पंतप्रधानांनी गाणे आवडल्याचे पत्र पाठवले. दरबारात उभे राहून राजाला खडे बोल ऐकवणाऱ्या शाहिराची आपली परंपरा या ख्रिस्ती गोवेकराने इंग्रजी शब्दांत आणि गिटारच्या साथीने पुढे चालवली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्याच वर्षी पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गीत महोत्सवात भारताचे प्रतिनिधित्व करून ते पारितोषिके घेऊन आले. त्याच वर्षी त्यांची अमली पदार्थांविरुद्धची 'पॅक दॅट स्मॅक' ही ध्वनिफीत आली. किनाऱ्यावर गर्दुल्ल्यांचे अड्डे फोफावत असताना पॉप गाणारा एक तरुण त्या विषाविरुद्ध गात होता, हे 'असले संगीत म्हणजे व्यसन' असे समीकरण मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. 2007 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले.

खजूर रोडवरचा बंगला

दुसरे उदाहरण दिल्लीचे. 1990 साली तेथे 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाची स्थापना झाली. सुस्मित सेन गिटारवर आणि असीम चक्रवर्ती तबल्यावर. असीम तबला वाजवता वाजवता गात असत. पुढे राहुल राम आणि अमित किलम येऊन मिळाले. राहुल राम हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून विषशास्त्राची पीएच.डी. मिळवून आलेले. करोलबागेतील 16/330, खजूर रोड या पत्त्यावरचा एक जुना बंगला ही त्यांची तालमीची जागा. तेथे बसून हे चौघे एकेक रचना महिनोन्महिने घासत राहिले. गाजावाजा नाही, चित्रपट नाही. 2000 साली आलेल्या 'कंदिसा' या ध्वनिफितीने त्यांना देशभर ओळख मिळवून दिली, म्हणजे मधे तब्बल दहा वर्षे गेली होती.

या चौघांच्या प्रेरणा कोणत्या, हे त्यांच्या गाण्यांतूनच उमगते. 'मा रेवा' हे नर्मदाकाठचे लोकगीत. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत असताना त्यांच्या कानी पडले. त्या आंदोलनाविषयी या सभागृहात बसलेल्यांची मते निराळी असतील, आणि असावीत. परंतु नर्मदामैयाची परिक्रमा करणाऱ्या देशातील महाविद्यालयीन तरुण रेवेचे नाव गिटारच्या झंकारात घेऊ लागले, हे काम त्या गाण्याने केले. 'कंदिसा' ही केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाची अरामाइक भाषेतील प्राचीन प्रार्थना. 2003 च्या 'झीनी'मध्ये कबीर आहे. अमित किलम ड्रम वाजवतात, त्याचबरोबर बाउलांचे गबगुबीही वाजवतात. हा देश किती जुना आणि किती अंगांचा आहे, याचा धडा या चौघांनी एकही भाषण न करता दिला.

2009 च्या डिसेंबरात असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित झालेली गाणी उरली होती. वाद्यवृंदाने त्यांच्या संग्रहाला त्या बंगल्याच्या पत्त्याचेच नाव दिले आणि 2010 पासून दर महिन्याला एक याप्रमाणे ती गाणी श्रोत्यांना विनामूल्य खुली केली. गाणे ही आधी समाजाला देण्याची वस्तू आहे, विकण्याची नंतर, हा भाव त्यामागे दिसतो. कीर्तनकाराच्या झोळीची आठवण व्हावी, असा हा व्यवहार.

गावाने घातलेला मांडव

आता मंचाविषयी. संगीतकार कितीही स्वतंत्र असला तरी त्याला चार माणसांसमोर उभे राहावेच लागते. बंद खोलीतले गाणे मंचावर आले की, ते तपासले जाते. श्रोता मान डोलावतो किंवा उठून जातो. म्हणूनच स्वतंत्र कलावंतांच्या आठवणींत पहिल्या महोत्सवाला पहिल्या गुरूइतकेच स्थान असते.

उत्तर जर्मनीत वाकेन नावाचे खेडे आहे. वस्ती सुमारे दोन हजार. 1990 साली तेथील दोन तरुणांनी हेवी मेटल या कर्णभेदी संगीतप्रकाराचा छोटा महोत्सव भरवला. आठशेच्या आसपास माणसे आली. आज तेथे पाऊण लाखाहून अधिक रसिक जमतात आणि जगातील या प्रकारच्या अग्रगण्य महोत्सवांत वाकेनची गणना होते. मौज अशी की, गावातील अग्निशमन दलाचे बँडपथक या महोत्सवात आपले जुने गावरान संगीत वाजवते आणि काळे कपडे घातलेले, लांब केसांचे तरुण त्यावर आनंदाने डोलतात. गावाने महोत्सवाला पाठ दाखवली नाही, महोत्सवाने गावाला परके मानले नाही.

याच वाकेनच्या मंचावर 2019 मध्ये दिल्लीचे 'ब्लडीवुड' हे पथक उभे राहिले. करण कटियार या तरुणाने वकिली सोडून जयंत भदुला या मित्राबरोबर हे पथक उभारले. इंटरनेटवर विडंबने करण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. विडंबनातून जेव्हा ते स्वतःच्या गाण्याकडे वळले, तेव्हा त्यांच्या हाती ढोल आणि बासरी आली, ओठांवर हिंदी आणि पंजाबी आली. 2022 साली त्यांचा 'रक्षक' हा संग्रह आला आणि त्याच वर्षी जपानच्या फुजी रॉक महोत्सवात त्यांनी हजारो जपानी श्रोत्यांना ढोलाच्या तालावर नाचवले. त्यांच्या गाण्यांत नैराश्याने ग्रासलेल्या तरुणांना धीर देणे आहे, स्त्रियांवरील अत्याचाराविरुद्धचा संताप आहे. त्यांतील राजकीय भाष्य सर्वांना रुचेल असे नाही आणि त्यांचा आवाज तर ज्येष्ठांना कर्कश वाटणारच. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जर्मनीत आणि जपानमध्ये त्यांना मान मिळाला तो कोणाची उत्तम नक्कल केली म्हणून नव्हे. नक्कल करणारी पथके त्या देशांत ढिगाने आहेत. त्यांच्याकडे नव्हता तो ढोल, आणि नव्हती ती बासरी.

आपल्या देशातही असे मांडव उभे राहिले आहेत. अरुणाचलातील झिरो खोऱ्यात 2012 पासून सप्टेंबर महिन्यात स्वतंत्र संगीताचा महोत्सव भरू लागला. भातखाचरांच्या मधोमध आपातानी जमातीचे कारागीर बांबूचे मंच उभारतात. त्यांवर ईशान्येतील आणि देशभरातील कलावंत गातात. 2000 साली सुरू झालेल्या आणि आता कोहिमाजवळील किसामा येथे भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवाने नागालँडच्या टेट्सिओ भगिनींचा आवाज दूरवर नेला. या चार बहिणी चोक्री भाषेतील 'ली' नावाची पारंपरिक गीते गातात. ती त्यांना आईवडिलांनी शिकवली. अगदी थोड्या लोकांच्या या भाषेतील गीते आज दूरदूरच्या शहरांतील श्रोते ऐकतात. आईवडिलांनी मुलींना गाणे दिले, समाजाने मंच दिला आणि भाषेचे आयुष्य वाढले. भाषा वाचवण्याचा याहून सोपा मार्ग कोणता?

आपला मांडव

इथे आपल्याला स्वतःकडे वळून पाहावे लागते. मांडव घालण्याची कला महाराष्ट्राला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला आरंभ झाला आणि लोकमान्यांनी त्याला लोकचळवळीचे रूप दिले. त्या पाठोपाठ मेळे आले. मेळा म्हणजे काय होते? गल्लीतील मुले, गल्लीतील कवी, त्याच वर्षी रचलेली नवी पदे, त्याच वर्षीचे विषय. ही पदे इतकी धारदार होती की, सरकारला त्यांवर करडी नजर ठेवावी लागली आणि पुढे निर्बंध घालावे लागले. आज ज्याला स्वतंत्र संगीताचा महोत्सव म्हणतात, त्याचा महाराष्ट्रातील पहिला अवतार हाच. पुढे 1953 साली पंडित भीमसेन जोशी यांनी गुरुस्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि घराघरांतून सतरंज्या घेऊन येणाऱ्या रसिकांनी तो आपला मानला. त्याच भीमसेनजींनी 'संतवाणी'तून अभंग मैफलीच्या मंचावर आणले. त्याच पुण्यात 2010 साली गिटार आणि ड्रमच्या तरुण पथकांचा मोठा महोत्सव सुरू झाला. पण तो त्या शहरातील बहुसंख्य मराठी घरांना ठाऊकही नव्हता. घरातील मुले तेथे जात होती आणि घर अनभिज्ञ होते.

आणि गणेशोत्सवाचे काय? 2025 साली राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट. परंतु बाप्पासमोर आज कोणाचे गाणे वाजते? ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि त्यांतून भाड्याने आणलेली चित्रपटगीते कोसळतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घालून दिली आहे. ती कितीदा पाळली जाते, हे हृदयविकाराचे रुग्ण असलेल्या घरांना विचारावे. वर्गणी आपली, मांडव आपला, देव आपला आणि गाणे तेवढे दुसऱ्याचे! ज्या उत्सवाने मेळ्यांच्या रूपाने गल्लीतील कवीला वाणी दिली, त्याच उत्सवात आज गल्लीतील गाणारा मुलगा त्या भिंतीसमोर मुका उभा आहे.

मंडपात गाण्यासारखे काही या मुलांकडे आहे का, अशी शंका कोणी घेईल. मुंबई-ठाण्याकडच्या 'अभंग रीपोस्ट' या तरुण पथकाने त्याचे उत्तर दिले आहे. वारकरी संतांचे अभंग ते गिटार आणि ड्रमच्या साथीने गातात आणि एरवी अभंगाच्या वाटेला न जाणारी तरुण मुले तुकोबांचे शब्द त्यांच्याबरोबर म्हणतात. टाळ-मृदंगावर वाढलेल्या कानांना हे कदाचित मानवणार नाही. पण ज्याला टाळ ठाऊक नाही त्याच्यापर्यंत तुकोबा कोणत्या वाटेने पोचले, यावरून वाद घालण्यात हशील काय?

अटी दोन्ही बाजूंना

तरुण कलावंतांनाही चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ठेक्यावर एखादा श्लोक चिकटवला म्हणजे मुळाशी नाते जडले, असे होत नाही. दीक्षितरांनी इंग्रजी चाल उचलली, त्याआधी त्यांनी राग पचवले होते. इंडियन ओशनने दहा वर्षे तालीम केली. टेट्सिओ भगिनींना गाणे घरात मिळाले. रियाजाला पर्याय नाही, उच्चारशुद्धीला नाही आणि शब्दांचा अर्थ समजून घेण्यालाही नाही. दुसरे असे की, लोकगीत घेतले तर ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे आणि मिळकतीतील वाटा त्याच्या दारी पोचवावा. वाघ्या-मुरळीची, वासुदेवाची, गोंधळ्याची चाल बेवारस नाही. तिच्यामागे कोणाच्या तरी सात पिढ्यांचे पोट आहे.

समाजाने करण्याचे काम त्याहून सोपे आहे. प्रत्येक मंडळाने दहा दिवसांतील एक संध्याकाळ आपल्या विभागातील तरुणांच्या स्वरचित गाण्यांसाठी राखून ठेवावी. भाषा मराठी असो, अहिराणी असो, कोकणी असो की हिंदी. आवाजाची मर्यादा कसोशीने पाळावी. कलावंतांना नारळ आणि शाल देऊन बोळवू नये, ध्वनिक्षेपकांच्या भाड्यातून वाचलेल्या पैशांचे मानधन द्यावे, कारण घरात 'यावर पोट भरेल का' हा प्रश्न विचारणारे आईवडील चुकीचे नसतात. त्या प्रश्नाचे उत्तर एकट्या मुलाने द्यावे, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. आणि त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत आजी-आजोबांनी बसावे. न आवडलेल्या गाण्याला नाके मुरडू नयेत. काय खटकले ते कार्यक्रम संपल्यावर प्रेमाने सांगावे. मेळ्यांतील पदेही अशीच सुधारत गेली असतील.

शिवोलीच्या घरात, खजूर रोडच्या बंगल्यात, नागालँडच्या त्या चार बहिणींच्या माजघरात जे गाणे जन्मले, ते आपल्या घरांतही जन्मते आहे. पुढच्या विजयादशमीला संचलनाहून परतलेला नातू खोलीचे दार लोटून घेईल तेव्हा आजीने ते हळूच उघडावे, आत जाऊन बसावे आणि म्हणावे, "वाजव रे, मला ऐकू दे." बाहेरच्या मांडवाचा पहिला खांब तेथेच रोवला जाईल.